दक्षिणेची बाजू

न्यू बेडफर्डला आमच्या गल्लीतून समुद्र दिसत नाही,
पण तो येऊन जातो.
लाकडी भिंतींच्या दक्षिणेकडच्या अंगावर
थोडं मीठ ठेवून जातो,
शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये म्हणून
चिमूटभर काही घालावं तसं.

अजून दोन उन्हाळे निघतील, अच्युत म्हणाला.
हे तो गेले चार उन्हाळे म्हणतोय.
मलाही ते सोयीचंच होतं.
पैसे होते तेव्हा वेळ नव्हता,
वेळ झाला तेव्हा छपराचं काम निघालं.

मग मार्चमधल्या एका सकाळी
बुटात गेलेला खडा काढायला
मी भिंतीला क्षणभर टेकले.
ऑफिसात प्रिसिलाने माझ्या काळ्या कोटाची पाठ झटकली
आणि विचारलं, घर रंगवताय वाटतं?

अन्सेल्मोने बेल वाजवलीच नाही.
आधी घराला एक फेरी घातली,
सावकाश, उजवीकडून,
देवळात घालतात तशी.
दक्षिणेला थांबला, तळवा भिंतीवरून फिरवला
आणि मला दाखवला:
खडूची भुकटी, शाळामास्तराच्या हातावर असते तेवढी.
चाकूने फुली मारली, चिकटपट्टी दाबली,
आणि जखमेवरची ओढावी तशी एका झटक्यात ओढली.

पट्टीवर आम्ही आलो, साईच्या रंगाचे.
आमच्याखाली पिस्ता.
पिस्त्याखाली मोहरी.
मोहरीखाली राखाडी, गिरण्या चालू होत्या तेव्हाचा.
हा ओल्या लाकडावर मारलाय, तो म्हणाला,
कुणाला तरी पावसाआधी उरकायचं होतं.
यात शिसंही असणार. घासू तेव्हा खिडक्या लावून घ्या.
कोण कुठला माणूस, त्याची शंभर वर्षांपूर्वीची घाई,
आणि बिल आमच्या नावावर.

खिडकीच्या चौकटीत त्याने चाकूचं टोक टेकवलं.
जोर लावला नाही.
पातं मुठीपर्यंत आत गेलं,
लोण्यात जावं तसं.
इथे आता रंगाचा प्रश्न नाही, बाई.

मी विचारलं, वेळ झाली हे कळायचं कसं?
त्याने हनुवटीनेच रस्त्यापलीकडे दाखवलं.
तिला विचारा.

डोरीन पाशेको, वय एक्याऐंशी,
खिडकीशी उभी राहून उशांच्या अभ्य्रांना इस्त्री करते.
अभ्रे कुणाचे, एकटी तर राहते,
हे मी कधी विचारलं नाही.
एकोणीस वर्षांत तिच्या घरात पाच वेळा गेले असेन,
दरवेळी रस्त्याकडे पाठ करून बसले.
आज तिने मला तिच्या जागी उभं केलं.

आणि समोर आमचं घर होतं.
मी ते पाहिलंच नव्हतं.
येताना हातात किल्ली आणि नजर कुलुपावर,
जाताना नजर घड्याळावर.
पोपडे धरलेलं, कोपऱ्यात काळपटलेलं,
कुणीतरी रात्रभर जागल्यासारखं ते उभं होतं.
वरच्या खिडकीत अच्युत मोजे शोधत होता.

तुला कधीपासून दिसतंय हे?
पाच-सहा वर्षं झाली, ती म्हणाली.
मग सांगितलं का नाहीस?
तिने अभ्रा उलटा केला.
माझं निळं विटलं होतं, तेव्हा तू सांगितलंस?

नव्हतं सांगितलं.
जेवताना अच्युतला सांगितलं होतं,
पाशेकोबाईंचं घर कळकट दिसायला लागलंय, आणि वर
कोशिंबिरीत मीठ कमी आहे, हे एकाच दमात.

शनिवारी भिंतीवर चार रंगांचे चार चौकोन मारले.
अच्युतला पहिला हवा होता.
राहायचं आपल्याला आहे, तो म्हणाला.
राहायचं आहे, मी म्हटलं, बघायचं नाहीये.

मी एकेका चौकोनावर हात ठेवला
आणि वळून पलीकडे पाहिलं.
पहिल्याला तिने मान हलवली.
दुसऱ्याला तर वर पाहिलंही नाही.
तिसऱ्याला
इस्त्री खाली ठेवली.