मोठ्यांच्या विभागात

बांबोळीच्या बाकावर शेजारची म्हातारी विचारते,
"कोणावांगडा इलंस गो चेडवा?"
पाठमोरी मी बारा वर्षांची दिसते.
समोरून एकेचाळीस.
एक्स-रेत सत्तर.
एकटीच, म्हणते. वेंगुर्ल्याहून, पहाटेच्या एस्टीने.

आत नवा डॉक्टर. नवा म्हणजे माझ्याहून लहान.
"किती दिवसांपासून दुखतंय?"
दिवस.
मी पिशवीतून फाइल काढते, दोरीने बांधलेली.
आईने ती सुक्या बांगड्यांच्या डब्याशेजारी जपली,
वास अजून जात नाही.
पहिल्या पानावर, वय : साडेतीन वर्षे.
दोन्ही गुडघे. घोटे. उजवं मनगट. जबडा.

नवाबागेत तेव्हा कोणी मानलंच नाही.
"पोरांका खंय संधिवात जाता?"
नारळ उतरवून झाले.
बाबा खांद्यावर घेऊन रापणीवर न्यायचे,
तापल्या वाळूत मांड्यांपर्यंत पुरायचे
आणि जाळं ओढायला जायचे.
मी तिथे रोवलेली.
कुर्ल्या मला वळसा घालून जात.

मोठी झाली की सुटेल, सगळेच म्हणाले.
एकोणिसाव्या वर्षी सुटलंही. ताप गेला, सूज गेली.
पण खारं पाणी शेतातून उतरलं
म्हणून शेत लगेच पिकत नाही.
सव्विसाव्या वर्षी खुबा बदलला,
पंधरा वर्षं टिकेल म्हणाले.
बर्फाच्या कारखान्यात मी हिशेबच लिहिते,
ही बेरीज मला कुणी सांगायला नको.

तोंड दोन बोटं उघडतं.
डाव्या डोळ्यात काहीतरी येऊन राहिलं होतं,
ना लाल, ना दुखरं,
जाताना थोडा उजेड घेऊन गेलं.
तिशीत सूज परतली, तेव्हापासून
गुरुवारी सहा पिवळ्या गोळ्या.
शुक्रवारी मासळीचा वास सोसवत नाही
आणि घर जेटीपासून हाकेवर.

या गोळ्यांवर मूल नको, म्हणाले.
गोळ्या थांबवल्या तर गुडघे नको म्हणत.
दिगंबर काही बोलला नाही.
त्याने मोरीतली तोटी बदलली,
कोपराने ढकलायची आणली.

बाहेर आले तर बाकावर एक पोर,
एका पायात बूट, दुसरा आईच्या हातात.
आईने माझी मनगटं बघितली, मग मला.
"मोठा झाल्यार बरा जातला मां?"

आता औषधं वेगळी आहेत, म्हणाले. खरंच आहेत.
पुष्कळांचं निजतं, ते निजलेलंच राहतं.
काहींचं नाही.
हिचं कुठलं, मला कसं कळणार?

पोरीला विचारलं, बाटलीचं झाकण उघडतं तुला?
मान हलवली. नाही.
दाराच्या फटीत झाकण धरायचं,
पाठीने दार दाबायचं,
आणि झाकण नाही, बाटली फिरवायची.

ती उठली, माझी बाटली घेतली,
लंगडत निघाली दार शोधायला.
मी घड्याळ बघितलं.
एस्टी साडेचारची.
बाटली अजून परत यायची होती.