आपापल्या साहित्यासह

भांगाचे दिवस बघून तारीख धरली.
उधाणाला कोण येतो सभेला?
तेव्हा माणसं समुद्रावर असतात
किंवा झोपेत.

वेंगुर्ल्याच्या बंदरावरचा बर्फाचा कारखाना
बंद पडून अकरा वर्षं झाली.
भिंतींना अजून अमोनियाचा वास,
फरशीला मोरीकडे उतार.
भजनी मंडळाकडून मागून आणलेल्या चोवीस खुर्च्या
मी मांडत गेले आणि त्या
एकाच दिशेला झुकत गेल्या,
सभेआधीच एकमत झाल्यासारख्या.

नोटीस मीच लिहिली होती.
रेशन दुकान, जेटी, मासळी बाजार, चर्चचं फाटक,
चार ठिकाणी डकवली:
सर्वांसाठी एक कार्यशाळा काढायची आहे.
ज्याला काही बनवता येतं त्यानं यावं,
ज्याला येत नाही त्यानंही.
आपापल्या साहित्यासह.

पाचला इनास आल्मेडा आला,
वेल्डिंगची काच कपाळावर ढकललेली.
तारामती केळुसकर आल्या, कमरेला जाळ्याची सुई.
होडीचे सुतार बाबल मेस्त्री रिकाम्या हातांनी आले
आणि दारातूनच म्हणाले,
"माझ्या वाकसाक कोणी हात लावूचो नाय,
आधीच सांगतंय."
पॉलिटेक्निकची दोन पोरं आली, घरी जोडलेला
थ्री-डी प्रिंटर घेऊन,
जो अर्धा कप छापून थांबायचा.

आणि आले परुळेकर गुरुजी.
इस्त्रीचा सदरा, काखेत वही.
पहिल्या रांगेत बसून घसा साफ केला.
"साहित्यासह लिहिलं होतं, म्हणून आलो.
एकशे बारा कविता आहेत.
सगळ्या नाही वाचणार."

कुठलं साहित्य
ते मी कुठे लिहिलं होतं?

सभा सुरू झाली, म्हणजे भांडण सुरू झालं.
महिना पन्नास की शंभर.
वीजबिल कोणाच्या नावावर.
रात्री ड्रिल चालवायचं का,
मागच्या घरातली म्हातारी सातला झोपते.
चावी कोणाकडे?
इनास म्हणाला, चावी नकोच, नंबरचं कुलूप करतो.
"आणि नंबर विसारलंय तर?" बाबल म्हणाले.
नावावर पाऊण तास गेला,
एकही टिकलं नाही.
दोघं उठून गेले,
त्यातला एक खुर्चीसकट.

मग लाईट गेली.

कोणी सांगितलं नव्हतं,
पण अंधारात गुरुजी म्हणायला लागले.
पाठ होतं त्यांना सगळं.
वही नुसती सवयीनं उघडली,
आणि तिचा कणा, आधीच खिळखिळा,
सुटला.

पानं फरशीवर पडली
आणि उतारानं निघाली मोरीकडे,
शिंपल्यातून सुटलेल्या पाण्यासारखी, सावकाश, पण ठाम.
खुर्च्या सरकल्या, मोबाइलचे उजेड पेटले,
सगळी सभा गुडघ्यांवर आली.
शंभराचे म्हणणारे, पन्नासचे म्हणणारे
एकमेकांच्या हाताखालून कविता ओढत होते.

एकशे अकरा सापडल्या.
"गेली ती तशी कच्चीच होती,"
गुरुजी म्हणाले.

पुढचं कोणी ठरवलं नाही.
बाबलनी खिशातून गिरमिट काढलं
(रिकाम्या हातांनी आले होते ना?)
आणि गठ्ठ्याला कडेनं सात भोकं पाडली.
इनासनं लोखंडी पट्टी दाबून धरली.
तारामतींनी रांपणीचं सूत ओवलं,
जाळ्याची गाठ घातली,
जी ओली झाली की अजून आवळते.
पोरांनी उजेड धरला.
त्यातला एक हळूच विचारत होता,
ही गाठ परत दाखवाल?

लाईट आली नाही.
दार काथ्यानं बांधून आम्ही घरी गेलो.
इतिवृत्ताला वही नव्हती,
तेव्हा गुरुजींनी शेवटचं कोरं पान दिलं.
त्यावर मी तारीख लिहिली, हजर माणसं लिहिली,
ठरावांपुढे जागा सोडली.

सकाळी भजनी मंडळाला खुर्च्या पोचवल्या.
तेवीस भरल्या.
एक कुठे, त्यांनी विचारलं.
म्हटलं, करून देऊ.