चौथ्या खणाची नोंद

मांतारोच्या खोऱ्यात, एउलोहियाबाईंच्या चुलीमागे
कच्च्या विटांचे चार खण.
एकेकात दहा गिनीपिग, अंधारात
आपलंच नाव घेत बसलेले: कुई, कुई.

मी वांकायोहून आलो, तराजू आणि चार पोती घेऊन.
पहिल्या पोत्यात लायसिन पुरेसं, मग कमी, मग आणखी कमी,
चौथ्यात नावालाच.
मका तेवढाच, सातूचा कोंडाही तेवढाच,
पोटं सगळ्यांचीच भरणार होती.

"लायसिन म्हणजे?" बाईंनी विचारलं.
मी त्यांच्या मागाकडे बोट दाखवलं.
"लाल सूत संपलं तर?"
"तर थांबते. निळं ढीगभर असलं म्हणून काय झालं?
लालाच्या जागी लालच लागतं."
"मांसही असंच विणलं जातं.
उरलेलं सूत मग मुतातून वाहून जातं."
त्या हसल्या.
"तरीच त्या खणाला एवढा वास."

दर गुरुवारी वजन.
ओंजळीत एक धडधड, तिच्याभोवती जरा लव.
पहिला खण भरत गेला, दुसरा त्याच्या मागून.
चौथ्यातल्यांचे केस राठ, खांदे टोकदार,
आकडे जागच्या जागी.
अगदी मला हवे तसे.
(हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहिलं नाही.)

सहाव्या आठवड्यात चौथ्यातली एक मादी,
कानावर पांढरा ठिपका असलेली,
नव्वद ग्रॅमनी वाढली.
तराजू पुसला. पुन्हा ठेवली.
नव्वद.

दाराशी बाईंची नात, नेलिदा, सात वर्षांची,
मुठी पाठीमागे.
बोटं हिरवी, स्वेटरच्या बाहीला
लसूणघासाचं एक पान चिकटलेलं.
"ती रात्री दात वाजवते," म्हणाली.
"बाकीच्या नऊ वाजवत नाहीत?"
तिने खणाकडे पाहिलं. बराच वेळ.
मोजत असावी.

मी रकान्यात लिहिलं: क्रमांक सात, वगळली.
कारणाचा रकाना अरुंद होता.

पुढच्या गुरुवारी चौथ्या खणात
दहाच्या दहा वाढलेल्या,
आणि परसातला लसूणघासाचा वाफा
मुळापर्यंत भादरलेला.
बाई माग सोडून उठल्या नाहीत.
"बकरी शिरली असेल," म्हणाल्या.
त्यांच्याकडे बकरी नव्हती.

माझ्या प्रबंधात
खण तीनच आहेत.