शोकप्रस्तावाचा मसुदा

साहेब म्हणाले, चार ओळी लिहा,
उद्याच्या सभेत वाचायच्या आहेत.
लोकनेते टाका, अजातशत्रू टाका,
भरून न निघणारी पोकळी तर टाकाच.

टाकलं. मग अजातशत्रू खोडलं.
अप्पांना शत्रू होते, आणि बरेचसे
त्यांनी स्वतःच लावून वाढवलेले,
परसातल्या शेवग्यासारखे.

कै. मन्मथअप्पा हुडगे, उदगीर.
देगलूर रोडच्या वॉर्डातून पाचदा नगरसेवक,
तीन वेगवेगळ्या चिन्हांवर.
"चिन्ह बदललं तर काय झालं,
तोंड तर तेच हाय!"
तोंडात बहुतेक वेळा तंबाखू.

माझा बाप पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन.
रात्री अडीचला पाणी सोडता सोडता गेला,
चावी तशीच व्हॉल्व्हवर.
अनुकंपेची फाइल दोन वर्षं एका टेबलावर.
एक दिवस अप्पा बनियनवर आले,
त्या टेबलासमोर स्टुलावर बसले
आणि उठलेच नाहीत.
डबा तिथंच मागवला,
ठेच्याचा ठसका वरच्या मजल्यापर्यंत.
पाच वाजता सही झाली.
आई पदराची गाठ सोडू लागली तर म्हणाले,
"काय करलालीस बाई? ठिव ते."

त्याच आठवड्यात शिपायाच्या जागेचे
त्यांनी एकाकडून ऐंशी हजार घेतले.
मला हे नऊ वर्षांनी कळलं,
त्या शिपायाच्याच तोंडून,
चहा बशीत ओतता ओतता सांगितलं त्यानं,
जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट.

टँकरच्या साली
पहिला टँकर मेहुण्याच्या हौदात रिकामा झाला.
सगळ्या गल्लीनं पाहिलं.
दुसऱ्यावर अप्पा स्वतः बसून आले,
धोतर गुडघ्यावर खोचलेलं, हातात पाइप,
"घरटी चार घागरी. बाळंतिणीला सहा."
आणि कुठल्या घरात बाळंतीण आहे
हे त्यांना नर्सबाईच्या आधी ठाऊक.

मग ते जुनं बिल, लेखा विभागात,
माझ्याच हाताखालून गेलेलं.
दिव्याचे खांब, नग चाळीस.
एका रविवारी स्कूटीवर जाऊन मोजले,
मोडलेल्यांचे बुंधे धरून
एकतीस.

एकतिसातला एक आमच्या दारासमोर.
त्याच्या उजेडात मी टायपिंगच्या क्लासहून
साडेआठला घरी यायची.
उरलेले नऊ वडार वस्तीकडचे,
नकाशात अजून लाल टिंबं आहेत.
क्लासात माझ्या शेजारच्या मशीनवर
तिकडची अनसूया बसायची.
माझ्याहून वेगानं चालायची तिची बोटं.
दिवाळीनंतर आलीच नाही.
अंधारामुळंच असं नाही,
लग्न ठरलं असेल. असेल.
मी विचारायला गेले नाही.

अप्पा, तुमचे उपकार मांडायला बसले
की ही पोरगी येऊन शेजारी बसते
आणि मशीन सुरू करते.

परवा तुम्हाला बसवून माती दिली.
वडार वस्तीतल्या बायाही आल्या होत्या,
मोठ्यानं रडत होत्या, खोटं नव्हतं ते.
कुणीतरी म्हणालं, बसवलंय खरं,
कुणाचं काम आठवलं की उठतील बघा.
मला हसू आलं, आणि त्या हसण्यातच
बापाच्या वेळी आलं नव्हतं तेवढं रडू आलं.

साहेबांनी दोनदा विचारलं, झालं का?
झालं.
लोकनेते ठेवलंय. पोकळी ठेवलीय.
खाली एक ओळ माझी:
"त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ वडार वस्तीच्या रस्त्यावर
दिव्याचे नऊ खांब उभारण्यात यावेत."
सूचक, अनुमोदक, बाकं वाजतील, ठराव मंजूर.
नऊच का, कुणी विचारणार नाही.

तुम्ही असता तर कागद लांब धरून वाचला असता,
एका पिचकारीत आकडा ओळखला असता,
आणि मान न वर करता म्हणाला असता,
"धा लिव्ह गं बाई.
एक कुणी तरी खातंयच."