ओळंबा

पाणी उतरलं तेव्हा लेथ मशीनच्या पोटात
उलुआ नदीचा गाळ होता आणि एक मेलेला खेकडा.
तेरा दिवस नदी शाळेत राहिली.
हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं,
पण फळ्यावर रेघ ओढून गेली,
माझ्या डोक्याच्या वीतभर वर.

राजधानीहून एक माणूस आला. बूट भरू नयेत म्हणून
गाडीत बसूनच त्याने फोटो काढले.
म्हणाला, प्रस्ताव पाठवतो.
आम्ही माना हलवल्या.
केळीच्या मळ्यात वीस वर्षं काढलेल्याला
'पाठवतो' या शब्दाचं वजन कळतं.

मग दोन्या आर्जेंतिना वही घेऊन दारोदार फिरली.
पाच लेंपिरा. एक कोंबडी. अर्धं पोतं सिमेंट, थोडं ओल लागलेलं.
ह्यूस्टनला लोकांची छपरं शाकारणाऱ्या पोराने
आपल्या शाळेच्या छपरासाठी धाडलेले डॉलर.
ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याने लिहवलं : रविवार.
माझ्या नावापुढे वीस रविवार आहेत.

मी स्वतः शाळेत गेलो नाही. मी गवंडी.
वर्कशॉपची मागची भिंत माझी, एकट्याची.
पोरं विटा देत गेली, मी रचत गेलो.
सगळे म्हणाले, रेनेरियोचा हात आहे, बघायला नको.

बघायला नको म्हणून कुणी बघितलं नाही.

दानेलियाने बघितलं.
पंधरा वर्षांची, बांधकाम शाखा, दुसरं वर्ष;
वर्ग आंब्याखाली भरायचा.
मास्तरांनी त्या सकाळी ओळंबा शिकवला होता
आणि तिला सरावाला जवळची भिंत हवी होती, एवढंच.
दोरी सोडली. पितळी लोळा डोलायचा थांबेपर्यंत थांबली.
पट्टी धरली. परत धरली.
तिसऱ्यांदा धरली तेव्हा मला कळलं,
हिला उत्तर सापडलंय, आता ही धीर शोधतेय.

"दोन बोटं, माएस्त्रो. आत झुकलीय."

मी म्हणालो, फुकटच्या भिंतीला कुणी ओळंबा लावत नाही, पोरी.
ती म्हणाली, "खाली आम्ही बसणार."
आणि दोरी गुंडाळायला लागली, हळूहळू,
जशी चूक तिचीच होती.

रात्री बायको झोपल्यावर मी कंदील घेऊन गेलो.
वारा नव्हता. बेडूक तेवढे होते.
माझ्या हाताने दोरी सोडली, माझ्या हाताने पट्टी धरली.
अडीच बोटं.

अर्धं बोट तिने माझ्यासाठी सोडलं होतं.

पाडायला दोन रविवार लागले. घाव पहिला मीच घातला;
दुसऱ्या कुणाचा हात उचलेना.
वर्गाने विटांचा मसाला खरवडला, फुटक्या वेगळ्या काढल्या,
दोनशे अकरा विटा परत कामाच्या निघाल्या.
दोन्या आर्जेंतिना वही उघडून बसली,
पेन्सिल ओठाला लावून विचारते :
हे पाडायचे रविवार जमेला धरू की नावे?
मी म्हणालो, फी म्हणून लिही.
ती हसली. मी हसलो नव्हतो.

लेथ गेल्या आठवड्यात सुरू झालं.
दात घासायच्या ब्रशाने, डिझेलने,
महिनाभर पोरांनी त्याचा एकेक दात घासला,
तरी आत कुठेतरी वाळूचा कण आहे,
फिरताना करकरतो.
प्रस्ताव आलेला नाही.
छपर अर्धं आहे; अर्ध्या वर्गात ऊन बसतं.

भिंत कमरेपर्यंत आली आहे.
आज दानेलियाने चौथा थर रचला,
सांध्यात मसाला जास्त, एक टोक वर चढलेलं.
मी बोललो नाही.
खिशातून दोरी काढली आणि तिच्या हातात दिली.