इंटरव्हलपासून

लॅपटॉपवर पाच खिडक्या उघड्या,
घराच्या एकुलत्या खिडकीला ओलं गोणपाट.
मे महिना, विडी घरकुल, दुपारचे तीन.
पंखा आहे तीच गरम हवा
पुन्हा पुन्हा वाटतोय, खिरापतीसारखी.

पाच कंपन्या. पाचही म्हणतात,
सिनेमा घरी उतरवून घ्या, आयुष्यभर तुमचा.
पहिलीचं स्वतःचंच आयुष्य दीड वर्षाचं.
दुसरी गेल्या महिन्यात तिसरीनं गिळली,
पाटी तेवढी बदलायची राहिलीय.
चौथी स्वस्त, पण तिचा सिनेमा तिच्याच डब्यात चालतो,
दुसऱ्या कुणाच्या घरी पाणीसुद्धा पीत नाही.
पाचवीच्या नंबरावर एक बाई सांगते,
आपण रांगेत आहात.
मग सनई लागते. बराच वेळ लागते.

मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात
हिशेब लिहिते. मला रकाने पाडता येतात.
पाडले.
खाली बेरीज येईना.

याआधी एकीकडून एकोणीस सिनेमे घेतले होते, विकत.
दिवाळीनंतर तिनं दुकान मिटलं
आणि माझ्या कपाटात शिरून आपला माल उचलून नेला,
कुलूप न तोडता.
पावत्या आहेत.

अटी वाचायला घेतल्या. आपल्या चादरीला
दोन्ही बाजूंनी मोर दिसतो.
ह्या कापडाला नुसती उलटी बाजू,
सगळे धागे लोंबणारे.

"कितीला पडतंय?" नायना खाटेवरून विचारतात.
सांगितलं.
"आणि ठेवायचं कुठं?"
ह्याचं उत्तर पाचांतल्या एकीकडेही नाही.

त्यांना विचारायचा हक्क आहे.
चौऱ्याऐंशी साली, मागावरची नोकरी सोडून,
आईचे गोठ गहाण टाकून,
जोडबसवण्णा चौकात त्यांनी 'गुर्रम व्हिडिओ' काढलं.
बाजारात दोन जातीची मशिनं होती,
एकीची कॅसेट दुसरीत जात नसे.
नायनांनी दोन्हींचं चित्र शेजारी शेजारी लावून बघितलं,
आणि जे साफ होतं ते घेतलं: बीटा.
वर्ष-दीड वर्षात सगळं सोलापूर दुसरीकडे गेलं.
ते मशीन अजून माळ्यावर आहे,
डाग पडलेली, माघारी आलेली एक चादर पांघरून.
चुकलो असं ते कधी म्हणाले नाहीत.
चित्र साफ होतं, एवढंच म्हणतात.
गोठांबद्दल आईही काही म्हणत नाही,
ती फक्त माळा झाडत नाही.

आता खरं सांगते, हे पाच रकाने कुणासाठी.
आईला एक तेलुगू सिनेमा हवाय.
नाव अर्धंच आठवतं तिला.
आठवा सरून नववा लागलेला, थेटरात पुढून चौथी रांग,
इंटरव्हलला सोडा प्यायली आणि पोटात कळ आली.
ती कळ मी.
नायिकेनं भर मांडवात हळदीचं ताट खाली ठेवलं होतं,
पुढं काय झालं
ते एकतीस वर्षं ती मला विचारत आलीय,
जणू मी तिथं नव्हते.
(होते म्हणा.)

अर्ध्या नावावर शोधला. पाचांपैकी
एकीकडंच मिळाला. चौथी.
तीच, डबेवाली, सर्वांत वाईट अटींची.
रकाने तिथंच संपले.
मान्य, मान्य, मान्य, तीनदा दाबलं,
कबुली देताना देतात तसं.

उतरायला दोन तास लागले. मध्ये वीज गेली, आली.
नायना बघत होते, टक्के वर सरकताना,
कापड गुंडाळीवर चढताना बघावं तसे.
एकाहत्तरवर थांबलं तेव्हा
उठून त्यांनी उगाच पंख्याचं बटण हलवलं.

झालं. आई पदर सावरून पुढं सरकली.
हजार विड्यांची सवय, बोटं मांडीवर
तेंडूपान नसतानाही वळत होती.
मी सुरुवातीला नेलं.
"तिथून नको," ती म्हणाली,
"ते पाठ आहे मला. इंटरव्हलपासून लाव.
उद्या तुझी कंपनी असंल, नसंल."

नायिका. मांडव. हळदीचं ताट खाली.
बोटं थांबली.