एस

गर्लगुंजीची शाळा, सहावीच्या वह्या.
चौतीस वह्यांत चौतीस आया
गो टू वीटभट्टी.
गोज नाही, गो.
लाल पेनानं मी एकेकीला
एस लावत सुटले,
भट्टीवर निघालेल्या बाईच्या हातात
विसरलेला डबा द्यावा तसा.

सातेरी घाडीची आई मात्र बरोबर होती.
माय मदर वर्क्स. एस जागच्या जागी.
खालच्या ओळीत
माय फादर लिव्ह इन फोंडा.

इथं कशी विसरलीस गं?

'विसरलो न्हाई बाई.'
आमच्याकडं पोरीही विसरलो म्हणतात.
विसरले म्हणायला मी शिकले
ते पुण्यात, डीएडच्या होस्टेलवर,
पोरी हसल्यावर.

'आईला आमी ती म्हणतो, ती एकच.
पप्पांना ते म्हणतो.
ते म्हणजे दे.
दे आलं की एस न्हाई,
तुमीच लिवलायसा.'

फळा अजून पुसलेला नव्हता.

मधल्या सुट्टीत कन्नडच्या हिरेमठ सरांना सांगितलं.
भाकरी मोडता मोडता ते हसले,
'नम्दूनू हंग री. अप्पा अंद्र अवरू.'
म्हणजे त्यांच्यातही बाप
एकटा असला तरी अनेक.

दोन भाषांनी मान दिलेला माणूस
तिसऱ्या भाषेच्या उंबऱ्यावर
तो काढून ठेवतो, पायताणासारखा.
आईजवळ काढून ठेवायला काही नव्हतंच.
ती थेट आत गेली.

सुट्टीनंतर वही पुन्हा उघडली.
तिसरी ओळ राहिली होती तपासायची
ही डू नॉट कम्स फॉर गणपती.

ही चूक सोपी.
सांगितलं, एस म्हणजे घरातली एकच छत्री,
डझ घेऊन गेला
की कमनं भिजतच जायचं.
तिनं मान हलवली, खोडलं, लिहिलं,
ही डझ नॉट कम.
अक्षर सुरेख. वाक्य शुद्ध.

पण वरच्या ओळीत ते असलेला बाप
या ओळीत एकदम तो कसा झाला,
ते मी तिला
विचारणार होतो.

घंटा झाली.
वहीवर सही केली,
तारीख घातली.